लिलावाच्या यादीतलं घर

क्लीव्हलंड, ४ मे २००९

कॅझ,

सोबत तीन कागद आहेत. पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या आहेत तिथे सह्या कर. तुरुंगात नोटरी येतो म्हणतात, त्याच्यासमोर कर आणि आठवड्याच्या आत परत पाठव. घराच्या कराचं काहीतरी आहे. आईनंतर घर आपल्या दोघा भावंडांचं, तू अर्धा मालक, त्यामुळे तुझ्या सहीवाचून अडतं.

दोन महिने भेटायला आले नाही म्हणून फुगून बसू नकोस. हॉस्पिटलच्या लाँड्रीत आमच्या पाळ्या कापल्या आहेत. आठवड्याला पाच होत्या, आता तीन. त्यात गाडीचा सायलेन्सर गेलाय. तशी गाडी घेऊन फाटकाशी आले तर तुमचे पहारेकरी गोळीबार झाला समजून आडवे होतील.

समोरचं घर रिकामं झालं. कोणीतरी रातोरात त्याचे तांब्याचे पाइप उपटून नेले, तळघरात कमरेएवढं पाणी. शेजारच्या ऑटिलीबाई सकाळी दार उघडलं की आधी त्या घराकडे बघून क्रूसाची खूण करतात.

मोजे पाठवतेय. या वेळी कोणाला विकू नकोस.

बर्नी


१३ मे २००९

बर्नी,

मोजे मिळाले. सह्या केलेल्या नाहीत.

कागद मी थर्लोला दाखवले. थर्लो म्हणजे आमच्या ग्रंथालयातला म्हातारा कैदी. बाहेर असताना तीस वर्षं लोकांचे हिशेब लिहायचा, जरा जास्तच हुशारीने लिहिले म्हणून आत आला. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "पोरा, हा कराचा कागद नाही. सही केलीस की घर तुमचं राहणार नाही. ते या रोर्क नावाच्या माणसाचं होणार."

हा रोर्क कोण ते मला कळलंय. ऑटिलीबाईंनी नाताळनंतर पहिल्यांदाच पत्र लिहिलं. मरून रंगाची गाडी, दर गुरुवारी तुझ्या दारात हजर, हातात केकचा खोका, दोन-दोन तास बैठक. त्यांना वाटलं, मला ऐकून आनंद होईल.

तू चोपन्न वर्षांची आहेस. कोणाबरोबर संसार थाटायचा असेल तर खुशाल थाट. पण आईचं घर त्याच्या घशात घालायला माझी सही मागू नकोस. आणि मागायचीच तर कराची थाप मारून मागू नकोस. मी आत आहे, मूर्ख झालो नाही.

कॅझ


क्लीव्हलंड, २१ मे

कॅझ,

तुझं पत्र लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि सँडविच तसंच टाकून दिलं. संसार म्हणे! डेनी रोर्कला दोन बायका सोडून गेल्या आहेत आणि त्याच्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येतो.

आता ऐक. घराचे हप्ते थकले आहेत. अकरा महिन्यांचे. मार्चमध्ये कोर्टाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. आता शेरीफ घर लिलावात काढणार, तारीख कधीही लागेल. बँकेला मी सतरा वेळा फोन केला. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं आणि शेवटी 'कागद पुन्हा पाठवा'.

रोर्क घरं वाचवायचं काम करतो. त्याचं म्हणणं, घर दोन वर्षं त्याच्या नावावर ठेवायचं. बँकेशी तो भांडेल, आपण त्याला भाडं द्यायचं, मग तो परत आपल्या नावावर करून देईल. बाराशे डॉलर मी त्याला दिलेही आहेत. वर्षभरात माझ्या दारात येऊन ज्याने मला चोर समजलं नाही असा तो एकटा माणूस आहे.

सही कर, कॅझ. हात जोडते.

बर्नी


२ जून

बर्नी,

नाही करणार. थर्लोने आधी विचारलं, "परत करून देईन असं कुठे लिहिलंय?" मी तीनही कागद पालथे घातले. कुठेच नाही.

पण मला दुसरंच काही कळत नाही. आई गेली तेव्हा घरावर एकच जुनं कर्ज होतं. हप्ता इतका लहान होता की मी बिअरवर जास्त उडवायचो. तीन पाळ्यांच्या पगारातही तो निघायला हवा होता. मग अकरा महिने थकले कसे? पैसे कोणी खाल्ले, बर्नी? जुगाराच्या बोटीवर जायला लागलीस का? मी ओरडणार नाही. ओरडायला मला तोंड कुठे आहे?

थर्लो म्हणतो यावर एक उपाय आहे. नाव ऐकून पत्र फाडू नकोस. दिवाळखोरीचा अर्ज. सगळं बुडवायचा नव्हे, दुसरा एक असतो. पगार चालू असलेल्या माणसाने कोर्टाला सांगायचं की मला वेळ द्या, मी थकलेलं थोडंथोडं करून फेडते. अर्ज लागला की लिलाव तिथल्या तिथे थांबतो.

विचार कर. आणि पैशांचं खरं सांग.

कॅझ


क्लीव्हलंड, १९ जुलै

कॅझ,

दीड महिना लिहिलं नाही, कारण तोंड नव्हतं.

ऑटिलीबाईंनीही रोर्कच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. मला माहीत नव्हतं. तो माझ्याकडून उठला की त्यांच्याकडे जायचा, उरलेला केक घेऊन. गेल्या मंगळवारी त्यांच्या दारावर नोटीस लागली. घर रोर्कने त्यांच्या नकळत कोणाला तरी विकून टाकलं होतं आणि त्या तिसऱ्याने यांना तीन दिवसांत बाहेर व्हायला सांगितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बसवलेल्या स्वयंपाकघरात उभी राहून मला विचारते, "बर्नी, पण मी तर भाडं वेळेवर देत होते ना?"

रोर्कचा फोन बंद आहे. त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर गेले तर तिथे नखं रंगवायचं दुकान.

तू सही केली नाहीस म्हणून मी आज घरात आहे. कारण तुझं साफ चुकीचं होतं, पण सही केली नाहीस.

आपली तारीख लागली. सोमवार, १४ सप्टेंबर, सकाळी दहा.

दिवाळखोरी मात्र मला सांगू नकोस. संपाच्या वर्षी बाबांनी अकरा महिने उधारीवर किराणा आणला आणि पुढची चार वर्षं दर शनिवारी जाऊन फेडला. दुकानदार शेवटी म्हणाला, आता राहू दे. बाबा म्हणाले, नाही राहू देणार. त्यांच्या मुलीने कोर्टात उभं राहून दिवाळं वाजलं म्हणायचं? त्यापेक्षा घर गेलेलं परवडलं.

बर्नी


२८ जुलै

बर्नी,

तुला कसली लाज वाटते? मी दारू पिऊन गाडी चालवली आणि डेल्मर फिस्क नावाचा माणूस फावड्याने बर्फ काढत होता त्याला त्याच्याच दारात मारलं. आपल्या घरात लाज आधीच येऊन बसलीय. तुझ्या अर्जाने तिला फार तर पाय पसरायला जागा होईल.

आणि बाबांचं म्हणशील तर, दुकानदाराने त्यांना चार वर्षं दिली म्हणून त्यांनी फेडले ना? तुला कोण देतंय? बँक देत नाही, म्हणून कोर्टाकडे मागायची. थर्लोने मला हे तीनदा समजावलं, मी तुला एकदाच सांगतो. महिन्याचा हप्ता चालू ठेवायचा, थकलेले पाच वर्षांत वाटून द्यायचे. कोर्टाने नेमलेला माणूस तुझ्या पगारातून घेऊन ज्याचे त्याला पोचवतो. एक महिना चुकलीस तर मात्र पुन्हा सगळे अंगावर. गंमत नाही ती.

घाई कर. अर्जाआधी एक शिकवणी घ्यावी लागते, पैसे कसे वापरावे त्याची. हसू नकोस. तिचा दाखला नसेल तर अर्ज घेत नाहीत. फुकट वकील देणाऱ्या संस्थेचा पत्ता मागे लिहिलाय. लिलाव झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

कॅझ


३ सप्टेंबर

बर्नी,

पाच आठवडे झाले. फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही म्हणतो. ऑटिलीबाईंना लिहिलं, पाकीट परत आलं. अकरा दिवस राहिलेत. गेलीस का वकिलाकडे? एका ओळीत लिही. नुसतं हो किंवा नाही.

कॅझ


१४ सप्टेंबर, सोमवार

बर्नी,

दहा वाजून गेले. आज मला भांडी घासायचं काम होतं, तिथे भिंतीवर घड्याळ आहे. दहा वाजता मी हातातला टोप तसाच धरून उभा राहिलो. पहारेकऱ्याने विचारलं, "वॉयनार, काय झालं?" म्हटलं, काही नाही, माझं घर विकतायत.

तू कुठे आहेस तेवढं कळव.

कॅझ


क्लीव्हलंड, १७ सप्टेंबर

कॅझ,

घरात आहे. तुझी दोन्ही पत्रं पुढ्यात आहेत. दुसरं वाचलं आणि लगेच लिहायला घेतलं.

फोन बिलापायी तुटला. ऑगस्टभर मी पाकिटं उघडतच नव्हते, तुझीसुद्धा. ब्रेडच्या डब्यात कोंबत गेले. डब्याचं झाकण लागेना तेव्हा ब्रेड बाहेर ठेवायला लागले. अशी अवस्था. मग लाँड्रीतल्या एका बाईने सगळ्यांसमोर सहज सांगितलं की तिने तीन वर्षांपूर्वी हाच अर्ज केला होता. चादरीच्या घड्या घालता घालता सांगितलं, आपण दाढ काढल्याचं सांगतो तसं. मी कोपऱ्यात जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेले. तो बुधवार होता, नऊ तारीख.

वकीलबाईंचं नाव आयरीन पेट्राकिस. माझ्याहून लहान, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. मी पाकिटांची पिशवी पुढे केली. त्या म्हणाल्या, "लिलाव कधी?" म्हटलं, "सोमवारी." त्यांनी सफरचंद उचलून कचऱ्यात टाकलं आणि म्हणाल्या, "तुम्ही लोक सगळे शेवटच्या आठवड्यातच कसे येता हो?"

"लाज वाटत होती," मी म्हणाले.

"आता वाटतेय?"

"हो."

"वाटू द्या. पगाराच्या पावत्या कुठे आहेत?"

गुरुवारी त्यांच्याच फोनवरून दीड तास शिकवणी घेतली. तिकडचा मुलगा विचारतो, बाहेर जेवण्यावर किती खर्च होतो? म्हटलं, बाळा, बाहेर म्हणजे मागच्या पायऱ्यांवर. शुक्रवारी दुपारी चारला वीस मिनिटं असताना अर्ज लागला. बाईंनी शिक्का मारलेली प्रत हातात दिली आणि म्हणाल्या, आता घरी जाऊन झोपा.

तरी सोमवारी मी गेलेच. विश्वास बसेना. कोर्टाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मोठी खोली, पन्नासेक माणसं, निम्मी फोनवर बोलतायत. एक अधिकारी यादी वाचत होता. पत्ता वाचायचा, आकडा वाचायचा, कोणीतरी हात वर करायचा, संपलं. आपल्या गल्लीतली चार घरं त्या यादीत होती. मग आपला पत्ता आला. पहिल्यांदाच मी तो परक्या माणसाच्या तोंडून ऐकला. तो म्हणाला, "मागे घेतलं, दिवाळखोरी," आणि पुढच्या पत्त्यावर गेला. कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मी जिन्यात बसून राहिले. आनंद झाला असं म्हणवत नाही.

बर्नी


क्लीव्हलंड, २९ ऑक्टोबर

कॅझ,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं.

काल कोर्टाने नेमलेल्या माणसासमोर बोलावलं होतं. विश्वस्त म्हणतात त्याला. न्यायाधीश नसतो, लांब टेबल असतं आणि शपथ घ्यायची. बँकांपैकी कोणी आलंही नाही. तो कागद चाळत म्हणाला, "घरावर दोन कर्जं दिसतात. पहिलं जुनं, तुमच्या आईचं. दुसरं दोन हजार सहामधलं, अठ्ठावीस हजार. हे कशासाठी?"

पेट्राकिसबाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना मी घरदुरुस्ती सांगितलं होतं. पण शपथेसाठी वर केलेला उजवा हात आत्ताच खाली घेतला होता.

"भावाच्या वकिलासाठी," मी म्हणाले.

तुझा वकील मी केला, कॅझ. युनियनच्या हॉलमधल्या मित्रांनी वर्गणी काढली असं तुला सांगितलं ती थाप होती. एक दमडीही कोणी दिली नाही. फिस्क त्यांच्याच चर्चमधला होता, त्यांनी का द्यावी? त्या वकिलाने बारा वर्षांची शिक्षा सहावर आणली. कोठडीत काचेखालच्या फटीतून मी तुला कागदांचा गठ्ठा दिला होता, आठवतं? तू एकही न वाचता सह्या केल्यास. त्यातच तो कागद होता. दोन वर्षांनी त्याचं व्याज वाढलं आणि हप्ता दुप्पट झाला. नंतर पाळ्या कापल्या. तू विचारलंस ना पैसे कोणी खाल्ले?

सांगणार नव्हते. पण शपथेवर एका परक्याला सांगितलं, मग तुला न सांगणं बरं दिसेना.

पेट्राकिसबाई बाहेर आल्यावर माझ्यावर चिडल्या, मग म्हणाल्या, ते कर्ज दुसरं आहे याचा फायदाच होईल. घरांच्या किमती इतक्या पडल्यात की आपलं घर विकून पहिलं कर्जसुद्धा फिटणार नाही. म्हणजे दुसऱ्याला घराचा आधार उरला नाही. न्यायाधीशांनी मानलं तर त्या कर्जाला किरकोळ देण्यांच्या रांगेत उभं करता येईल. त्या बँकेच्या वाट्याला थोडंफार येईल, आणि मी पाचही वर्षं चुकले नाही तर शेवटी घरावरचा तिचा हक्क सुटेल. गल्ली मेली म्हणून आपलं घर वाचतंय असा याचा अर्थ. घरी येताना ती सगळी फळ्या ठोकलेली घरं बघत आले. हसावं की रडावं कळेना.

बर्नी


८ नोव्हेंबर

बर्नी,

चार दिवस ग्रंथालयाकडे फिरकलो नाही.

तो गठ्ठा आठवतो. मी सह्या करताना तुला म्हणालो होतो, लवकर आटप, जेवणाची वेळ झालीय. तू पुढचं पान सरकवलंस.

तीन वर्षं मी इथे सगळ्यांना सांगत आलो, माझे मित्र माझ्यामागे उभे राहिले. त्यांच्यातल्या एकाचंही पत्र कसं येत नाही याचं नवल करायचो. आणि तुला जुगारी म्हणालो. फिस्कच्या बायकोलाही मी काही देऊ शकलो नाही आणि तुझंही हे असं करून ठेवलं.

घर सोडून दे, बर्नी. पाच वर्षं पगार कापून घेऊन त्या मेलेल्या गल्लीत काय राखणार आहेस? पेट्राकिसबाईंना सांग, अर्ज मागे घ्या. एखादी छोटी खोली बघ, हॉस्पिटलजवळ. मार्चमध्ये माझ्या लवकर सुटकेची सुनावणी होऊ शकते. न्यायाधीश पहिलं हेच विचारतात की राहणार कुठे. मी तो अर्जच करणार नाही. पूर्ण शिक्षा भोगून येईन. माझ्यासाठी ते घर धरून बसू नकोस. मी तेवढ्या लायकीचा नाही.

कॅझ


क्लीव्हलंड, २० जानेवारी २०१०

कॅझ,

न्यायाधीशांनी काल फेडीचा आराखडा मंजूर केला. दुसऱ्या कर्जाचंही पेट्राकिसबाईंनी सांगितलं तसंच झालं. साठ महिने. ऑक्टोबरपासून देतेय, चार दिले, छप्पन्न राहिले. डिसेंबरचा देताना घर गरम ठेवायच्या तेलाला पैसे नव्हते, कोट घालून झोपले. पुढेही असे महिने येतील. सुटले असं मी कोणाला सांगत नाही.

तुझं पत्र पुष्कळदा वाचलं. आधी वाईट वाटलं, मग राग आला, आणि अजून राग आहे. तुला वाटतं हे सगळं मी तुझ्यासाठी केलं. वकील तुझ्यासाठी केला, ते खरं. त्याचं मला काही वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, फक्त या वेळी तुला वाचायला लावीन. पण घर तुझ्यासाठी धरलेलं नाही. मी इथे जन्मले, या घरात आईला शेवटचं पाणी पाजलं, आणि आयुष्यात माझं म्हणावं असं दुसरं काही झालं नाही. चोपन्न वर्षांत मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी कोर्टाकडे वेळ मागितली आणि मिळाली. ती आता तुझ्या पश्चात्तापापायी परत करू?

आता कामाचं. नोव्हेंबरमध्ये पेट्राकिसबाईंनी आकडे मांडले तेव्हा महिन्याला पावणेतीनशे कमी पडत होते. ऑटिलीबाई भाचीकडे सोफ्यावर झोपत होत्या, ती रोज त्यांना पाण्याच्या बिलाचं ऐकवायची. जाऊन घेऊन आले. वरची पुढची खोली त्यांना दिली. तीनशे भाडं, दर एक तारखेला, पाकिटात घालून, तेही दारावर टकटक करून देतात. तसं कोर्टात लिहून दिलंय. त्या भाड्यावर आराखडा उभा आहे. तुझे कपडे, तुझी ट्रॉफी, सगळं खोक्यांत भरून खाली नेलं. त्यांनी भिंतीला निळा रंग दिला. मला विचारलं नाही, पण बरा दिसतो.

तेव्हा सुनावणीच्या अर्जावर हाच पत्ता घाल. न्यायाधीशांनी विचारलं तर मी येऊन सांगेन. पत्ता तुझा आहे. खोली नाही. तू तळघरात झोपशील. तिथे ओल आहे, घर तापवायची भट्टी आवाज करते आणि डोकं वाकवून चालावं लागतं. दोनशे भाडं, पहिल्या पगारापासून, आणि घरात दारू आणलीस तर ऑटिलीबाई राहतील आणि तू जाशील. दोघींना विचारून ठरवलंय हे, मला आणि त्यांना.

कबूल असेल तर कळव. नसेल तर तेही लवकर कळव, म्हणजे मी तळघरासाठी दुसरं कोणी बघेन.

बर्नी